खंजिरीला तीन हात

प्राण्याचं नाव: घोरपड. वय: अंदाजे पन्नास. सध्याचा पत्ता: हॉल, दिवाणाच्या वरची भिंत, खिळ्याला.

*

नेलपॉलिश काढायच्या बाटलीत शुक्रवारी सकाळी तीन बोटं औषध होतं. दुपारी अर्धं बोट उरलं.

*

दातांचे डॉक्टर सवयीनं म्हणाले, "आ करा." समोर तोंडच नव्हतं.

*

भिंतीची ओल आतून दिसते, पण येते बाहेरून. हे वाक्य एकाच माणसानं एकतीस वर्षांत कमीत कमी चार हजार घरांत ऐकवलं आहे. चहा घेऊन, आणि चहा न मिळताही.

*

ब्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ रोज दुपारी दीड वाजता भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि तीनला उठतात. घरातलं घड्याळ कधी मागेपुढे होतं. ते होत नाहीत.

*

"ओल: आतल्या बाजूस, मध्यभागी. कारण: वर्षानुवर्षांचं दुर्लक्ष. उपाय: तीन हात."

*

हे सगळं एकाच इमारतीत, दोन आठवड्यांत घडलं. ही शेवटची नोंद ज्यांच्या वहीतली आहे, त्यांना सगळी इमारत गळतीसाहेब म्हणते. त्यांना ते आवडत नाही. पण सरकारी इमारतींच्या देखभाल खात्यात एकतीस वर्षं छतं आणि भिंती तपासून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दुसरं म्हणणार तरी काय? निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी स्वतःहून ओल मोजायचं यंत्र ठेवून घेतलं. तेव्हापासून ते यंत्र शर्टाच्या खिशात असतं, जसं दुसऱ्या कुणाच्या खिशात पेन असतं. कुणाकडे गेले की आधी भिंतीला यंत्र लावतात, मग माणसांची चौकशी करतात.

ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ म्हणजे त्यांचे सासरे, नाना. गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून लेकीकडे राहायला आले होते. येताना एक पिशवी कपडे आणि एक खंजिरी घेऊन आले. गाण्याच्या मोठमोठ्या बैठकांत त्यांनी चाळीसेक वर्षं ही खंजिरी वाजवली होती. थाळीएवढी लाकडी कडी, तिच्यात एका खाचेत दोन नाणी, आणि एका बाजूला ताणून चिकटवलेलं घोरपडीचं कातडं. बस, एवढंच. एवढ्याशा वस्तूतून नाना मृदंगाच्या तोंडचा घास काढून घेत असत, असं जुने लोक सांगतात.

गेल्या सहा वर्षांत नानांनी बैठकीत हात लावला नव्हता. आणि आता एक निरोप आला होता. ज्यांच्या साथीला ते आयुष्यभर बसले, त्या गाणाऱ्या बाई शेवटचं जाहीर गाणं गाणार होत्या. "साथीला खंजिरी तुमची नसेल तर मी पेटीवाल्यालाही घरी पाठवीन," असं त्यांनी फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार. नाना काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ते जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं वाजवू लागले. खंजिरीला मात्र हात लावत नव्हते. रियाज टेबलावर करायचा, वाद्य बैठकीसाठी राखायचं, ही त्यांची शिस्त.

आता जावयाचा मुद्दा. नाना माणूस मृदू, पण तीस वर्षांत त्यांनी कुणाशीही ओळख करून देताना "हे आमचे जावई. हे छताकडे बघतात," याच्यापुढे एक शब्द बोलले नव्हते. ऐकणारा वर बघायचा. गळतीसाहेबही बघायचे. हे किती लागतं ते ज्याला लागतं त्यालाच माहीत. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि नानांना भिंतीतलं. त्यामुळे दोघांमध्ये अत्यंत आदरपूर्वक काहीच बोलणं होत नसे.

म्हणून सोमवारी दुपारी नाना झोपल्यावर जे घडलं, ते प्रेमापोटी घडलं, हे आधी नोंदवून ठेवतो.

गळतीसाहेबांनी खिळ्यावरची खंजिरी सहज काढून उलटी केली. आतल्या बाजूला, कातड्याच्या मधोमध, एकात एक अशी पाच-सहा फिकट वर्तुळं. ही वर्तुळं त्यांनी जगात कुठेही ओळखली असती. पाण्याचे डाग! यंत्र लावलं, तर काटा उडाला. (झोपायच्या पाचच मिनिटं आधी नानांनी शिस्त मोडून, आवाज बघायला दोन थेंब शिंपडले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.) गळतीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं एवढे रसिक, एवढे कलावंत, आणि एकालाही या बिचारीची ओल दिसली नाही!

त्यांनी माळ्यावरून ओल रोखणाऱ्या रंगाचा डबा काढला. पारदर्शक, बिनवासाचा, उत्तमातला उत्तम. बारीक ब्रशनं आतल्या बाजूला पहिला हात सोमवारी, दुसरा मंगळवारी, तिसरा बुधवारी. रोज दीड ते तीनच्या मध्ये, आणि तीनला पाच कमी असताना खंजिरी परत खिळ्यावर. त्यांच्या मनात सगळं ठरलं होतं. बैठक संपेल, नाना म्हणतील, "यंदा वाद्य कसं ठणठणीत राहिलं!" आणि मग ते अगदी सहज, चहाचा घोट घेता घेता सांगतील.

गुरुवारी संध्याकाळी चहाही झाला, घोटही घेतला.

"नाना, ती खंजिरी वाजवायच्या आधी तुम्ही पाणी का लावायचात हो?" नानांच्या लेकीनं विचारलं. "लहानपणी मी वाटी धरून बसायचे, आठवतं?"

"आतून पाणी शिंपडल्याशिवाय ती बोलतच नाही," नाना म्हणाले. "कोरडी वाजवली तर डबड्यासारखी वाजते. कातडं पाणी प्यायलं की आवाज खाली उतरतो, गोल होतो. दहा-बारा मिनिटांत वाळतं, की पुन्हा पाणी. सगळी करामत त्या वाटीत आहे." मग जावयाकडे वळून म्हणाले, "काय जावईबापू, चहा गरम आहे का? घाम आलाय."

"हो," गळतीसाहेब म्हणाले. चहा केव्हाच निवला होता.

शुक्रवारी दीड वाजून एका मिनिटानं त्यांनी खंजिरी स्वयंपाकघरात नेऊन आत चमचाभर पाणी टाकलं. पाण्याचे मोत्यासारखे थेंब झाले, इकडून तिकडे पळाले आणि कडेवरून त्यांच्या पायावर पडले. एक थेंब आत मुरला नाही. असं निर्दोष काम त्यांच्या हातून उभ्या नोकरीत झालं नव्हतं. बोटानं टिचकी मारली, तर 'टिंग' असा आवाज आला.

मग त्यांना बायकोच्या कपाटातली बाटली आठवली.

"अहो, माझं नेलपॉलिशचं औषध कुठे गेलं? तुम्ही आता नखं रंगवायला लागलात का?"

सांगावंच लागलं. बायकोनं बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "माझ्या वडिलांच्या खंजिरीला तुम्ही गच्चीचा रंग लावलात?"

"गच्चीचा नाही गं," गळतीसाहेब दुखावून म्हणाले. "पाण्याच्या टाकीच्या आतला. तो जास्त चांगला असतो."

"नानांना सांगा."

"सांगतो."

"आज."

"आज बघतो."

पण ज्या माणसानं तीस वर्षांत आपल्याबद्दल एकच वाक्य उच्चारलं आहे, त्याला दुसरं वाक्य असं पुरवायचं? गळतीसाहेबांना ते जमेना. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. हेच वाक्य त्यांनी नोकरीत असंख्य कंत्राटदारांच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येकाला नोटीस दिली होती.

इथून पुढे इमारतीला कळलं. कसं कळलं ते विचारू नका, समोरच्या वहिनींचं दार उघडंच असतं. त्यांनी सल्ला दिला की खंजिरी फ्रीजरमध्ये ठेवा, थर आपोआप तडकेल. "माझ्या बरण्यांवरची लेबलं अशीच निघतात." थर तडकला नाही, पण नाण्यांवर बर्फ जमलं. मग त्यांनीच केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. त्यानं बर्फ गेलं आणि 'टिंग'चा आवाज आणखी चढला.

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र शास्त्रशुद्ध विचार केला. त्यांनी खंजिरी खुर्चीवर ठेवली, दिवा ओढला, सवयीनं आ करायला सांगितलं, आणि बारीक आकड्यानं कडेचा एक कण खरवडून पाहिला.

"वा!" ते म्हणाले. "हे कोणतं मटेरियल? माझी फिलिंग्ज निघतात हो सहा महिन्यांत."

गळतीसाहेबांना नाही म्हटलं तरी थोडं बरं वाटलं. आणि मग बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी ते वाद्यं मढवणाऱ्याकडे गेले. दुकानात भिंतभर मृदंग, मध्ये एक म्हातारा, त्याच्या मांडीवर एक पोट फाटलेला तबला. म्हाताऱ्यानं खंजिरी उलटी केली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"कुणी केलं हे?"

"एका नातेवाईकानं."

"तुमचं त्याच्याशी भांडण आहे का?"

"नाही, अगदी जवळचा आहे."

"हं. हा थर मी काढीन. तीन दिवस लागतील, पण निघेल. फक्त हे घोरपडीचं. ते आता बंद आहे, कायदा आहे. जुनं घरी ठेवायचं असेल तर वन्यजीव कचेरीचा दाखला लागतो. दाखला आणा, मग हात लावतो."

"बकऱ्याचं लावलं तर? नानांना कळेल?"

"बहिऱ्यालाही कळेल," म्हातारा म्हणाला आणि तबल्याकडे वळला.

घरी पोचायला सव्वातीन झाले. गळतीसाहेब जिना धावत चढले. नाना अजून भिंतीकडे तोंड करून झोपले होते. वय झालं, असं वाटून त्यांना गलबलून आलं.

कचेरीत सोमवारी गेले. रांग होती. खिडकीत बसलेल्या बाईंनी अर्ज वाचला.

"प्राणी पाळीव का जंगली?"

"बाई, प्राणी नाहीये. खंजिरी आहे."

"अर्जावर प्राणी लिहिलाय."

"रकानाच तसा आहे."

"मग रकान्याप्रमाणे बोला. जिवंत?"

"नाही."

"मृत्यूची तारीख?"

"आमच्या लग्नाच्या पुष्कळ आधी."

"तुमच्या लग्नाशी आम्हाला काय करायचंय? आणि हे काय, 'हॉल, दिवाणाच्या वरची भिंत, खिळ्याला'? प्राण्याला खिळा ठोकलात?"

मागचे लोक पुढे सरकले. गळतीसाहेबांनी पिशवीतून खंजिरी काढून दाखवली. ती काढताना नाणी वाजली, आणि रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी तिच्यात चिल्लर टाकली. एकतीस वर्षं खात्याचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरलेल्या माणसाच्या वाट्याला हेही आलं. त्यांनी ती चिल्लर परत केली, तर गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो, आमच्याही घरी म्हातारे आहेत."

"पाहणीला माणूस येईल," बाईंनी शिक्का मारत सांगितलं.

"दुपारी दीड ते तीनमध्येच पाठवाल का?"

बाईंनी नुसतं बघितलं.

घरी यायला सव्वाचार. नाना झोपलेलेच. बायको दारात उभी. "अहो, नाना हल्ली फार झोपतात. आणि घोरतात. आयुष्यात कधी घोरले नाहीत. डॉक्टरांना दाखवू या का?"

"बैठकीचा ताण असेल," गळतीसाहेब म्हणाले आणि चवड्यांवर चालत जाऊन खंजिरी खिळ्यावर टांगली. तिनं छन्न केलं. घोरणं क्षणभर थांबलं, मग जास्त जोरात सुरू झालं.

पाहणीचा माणूस गुरुवारी दोन वाजता आला. तरुण, काटेकोर, बुटांचा आवाज न करणारा. हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यानं घोरणं ऐकलं आणि वही छातीशी धरली.

"प्राणी जिवंत नाही, असं लिहिलंय."

"ते माझे सासरे."

त्यानं खंजिरी मापली, उलटी केली, भिंगातून पाहिली, कडेला नाक लावून हुंगली. मग अर्धा तास लिहीत बसला. गळतीसाहेबांनी शेजारी बसून, कुजबुजत, आपली सगळी कर्मकहाणी सांगितली. तो सहानुभूतीनं मान हलवत होता. जाताना म्हणाला, "काळजी करू नका. मी सगळं नीट लिहिलंय."

शनिवारी दाखला हातात आला. गळतीसाहेबांनी तो जिन्यातच उघडला.

"सदर कातडे जुने असून बाळगण्यास हरकत नाही. कातड्याच्या आतील बाजूस पारदर्शक संरक्षक थर आढळला. काम उत्तम दर्जाचे. सदर कातडे आहे त्या स्थितीत जतन करावे. त्यावरील थर खरवडणे, विरघळवणे अथवा बदलणे हा कायद्याने गुन्हा समजला जाईल."

गळतीसाहेब जिन्याच्या पायरीवर बसले. नोकरीत कुणी एका शब्दानं कौतुक केलं नव्हतं, आणि आता शिक्क्यानिशी लिहून मिळालं होतं, की त्यांच्या कामाला हात लावेल तो तुरुंगात जाईल.

बैठकीला एक दिवस उरला होता.

रविवारी चार वाजता ते नानांना घेऊन सभागृहाच्या मागच्या खोलीत गेले. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. गाणाऱ्या बाई शेजारच्या खोलीत तंबोरे लावून घेत होत्या. मध्येच त्यांनी भिंतीवर दोन थापा मारल्या, आणि नानांनी इकडून दोन मारल्या. नानांच्या लेकीनं पाण्याची वाटी आणून स्टुलावर ठेवली, नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि निघून गेली. त्या बघण्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

नानांनी खंजिरी मांडीवर घेतली. वाटीत बोटं बुडवली.

"नाना," गळतीसाहेब म्हणाले, "थांबा."

नाना थांबले.

"मी आतून वॉटरप्रूफिंग केलंय. मला वाटलं ओल आलीय. पाणी आत जाणार नाही. मी ते काढायचा खूप प्रयत्न केला. फ्रीजर केला, दातांचे डॉक्टर केले. आता ते काढणं गुन्हा आहे, माझ्याकडे दाखला आहे. चूक सगळी माझी आहे. बाईंना मी जाऊन सांगतो. तुमचं नाव नको, माझं सांगतो."

एवढं लांब ते नानांशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले होते.

"किती हात मारलेत?" नानांनी विचारलं.

"तीन."

"मध्ये वाळू दिलेत?"

"प्रत्येक हाताला एक दिवस."

"हं," नाना म्हणाले. "घाई केली नाहीत."

त्यांनी वाटीतली बोटं बाहेर काढून पुसली. रागावले असते तर बरं झालं असतं. गळतीसाहेबांना कुठे बघावं कळेना, तेव्हा ते सवयीनं भिंतीकडे बघू लागले. खोलीच्या कोपऱ्यात ओल होती, आणि कुणीतरी तिच्यावर आतून चकचकीत रंग फासला होता. रंगाखाली भिंत मस्त ओली होती, रंगाला फुगे आले होते.

"गाढव आहेत," ते पुटपुटले. "आतून कोट मारून काय उपयोग? पाणी येतंय बाहेरून. उलट आतून बंद केलं की भिंत वाळतच नाही, महिनोन्महिने ओली राह..."

आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. चार हजार घरांत ऐकवलेलं वाक्य पहिल्यांदा त्यांना स्वतःला ऐकू आलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, वाटीत बुडवून पिळला, आणि म्हणाले, "नाना, उलटी करा. म्हणजे सुलटी. बाहेरून!"

कातड्यावर, वाजवायच्या बाजूनं, त्यांनी ओला रुमाल पसरला. वर तळवा ठेवला. मग खिशातलं यंत्र काढून लावलं. काटा हलला. रुमाल उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा यंत्र. "अजून दोन मिनिटं," ते म्हणाले. आवाज एकतीस वर्षांच्या नोकरीतला, खात्यातला. नाना निमूटपणे खंजिरी धरून बसले, लेक लहानपणी वाटी धरून बसायची तसे.

"आता बघा."

नानांनी डाव्या हातात खंजिरी तोलली, उजव्या हाताची बोटं मारली. आवाज खाली गेला, गोल झाला, आणि खोलीत थोडा वेळ राहिला. शेजारच्या खोलीतला तंबोरा थांबला. भिंतीवर दोन थापा पडल्या.

गाणं सव्वा तास चाललं. गळतीसाहेब पहिल्या रांगेत वाटी आणि रुमाल घेऊन, यंत्र मुठीत धरून बसले होते. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आवाज केव्हा कोरडा पडतो ते ऐकू येऊ शकतं, एवढं त्यांना त्या दिवशी समजलं. तो पडला नाही. वीस मिनिटं झाली, पस्तीस झाली, कातडं आतून बंद असल्यामुळे ओल धरून राहिलं. सव्वा तासात नानांनी रुमाल एकदाच मागितला. शेवटी बाई आणि नाना एकमेकांचा पाठलाग करत समेवर आले, तेव्हा बाईंनी गाणं स्वतःचंच आहे हे विसरून टाळ्या वाजवल्या.

नंतर मागच्या खोलीत लोकांची गर्दी झाली. नानांचा चेहरा धुतल्यासारखा होता.

"इतकी वर्षं दर दहा मिनिटांनी पाणी लावत बसलो," ते बाईंना म्हणाले. "तुमचं गाणं कधी सलग ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं."

"मग? कसं होतं?"

"बरं गाता तुम्ही."

बाई हसता हसता खुर्चीवर टेकल्या. मग त्यांनी वाटी आणि रुमाल घेऊन कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "आणि हे कोण?"

"हे आमचे जावई," नाना म्हणाले.

गळतीसाहेबांनी सवयीनं वर बघितलं. छत कोरडं होतं. नानांचं वाक्य तिथेच संपलं होतं.

पहिल्या आठवड्यातल्या त्या बुधवारी दुपारी, खंजिरीला तिसरा हात चढत होता तेव्हा, नाना जागे होते. घोरायला ते त्यानंतर लागले.